भोंग्यावरचा उखाणा

पंचाहत्तर साली सोलापूर स्टँडवर मंद्रूपच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर म्हैसूरची बाग बघून, हॉटेलात चार दिवस राहून आलेलं एक म्हातारं जोडपं भांडत होतं.

"बागंत मी हरवले, तवा तुमी कुटं हुतासा?"

"कारंज्यापाशी की."

"भोंगेवाला म्हनला, नवऱ्याचं नाव सांगा. मला रडूच फुटलं. नाव कसं घ्यायचं?"

"घेतलंस की, उखान्यात!"

"कारंजी बघनारी मानसंबी थांबून हसली! तीनदा घेतलं, तवा आलासा. पयल्यांदा ऐकू आलं न्हाई व्हय?"

"आलं की."

"मग?"

"लग्नाला चाळीस वर्सं झाली, गोजा. म्हनलं, आनखी दोनदा ऐकू."

"...सरका तिकडं. गाडी लागली."

गाडी अजून लागली नव्हती.