बाहेरून लावलेला कागद

माझं गाव कन्नड तालुक्यातलं. बाप लोकांच्या रानात राबायचा, मी शहरात आलो तो मुकुंदवाडीतच राहिलो, आधी रंगकाम केलं, मग गुडघे शिडी चढू देईनात म्हणून खिडक्यांना चिकट कागद लावायला लागलो, नक्षीचा, दुधी, फुलाफुलांचा, गिऱ्हाईक म्हणेल तसला. काम साधं हाय, काच धुवायची, साबणाचं पाणी मारायचं, कागद ठेवायचा अन् रबरी पट्टीनं बुडबुडे काढत यायचं. अन् कागद आतूनच लावायचा, बाहेर ऊनपावसात त्याचं वाटोळं होतं, हे काय सांगू तुम्हाला, कुणालाबी कळतंय.

मागच्या आठवड्यात छावणीच्या पलीकडं एका घरी गेलो. मालक चाळिशीचा, बोलायला लई गोड, मामा चहा घ्या, मामा दमानं करा. म्हणाला सगळ्या खिडक्या दुधी करा, पण कागद बाहेरून. मी म्हणालो साहेब, टिकायचा नाय. म्हणाला आतून लावला की पोरं खरवडतात. जुना कागद काढायला घेतला तर खरंच, रुपयाएवढं गोल नखानं खरवडलेलं, दर खिडकीला, पण माझ्या डोळ्याच्या उंचीला. अन् घरात ना खेळणं, ना दप्तर, ना छोटी चप्पल. मला तिथंच कळलं. कळलं अन् मी पट्टी फिरवीत राहिलो.

सरकत्या काचा काढून अंगणात चादरीवर ठेवल्या होत्या, तो फोनवर बोलत फाटकाकडं गेला, तेवढ्यात खिडकीच्या गजाआड त्याची बायको आली. दादा, कडेला बोटभर जागा सोडा ना, रस्ता दिसतो. एवढंच. मी म्हणालो ताई, साहेबांना विचारतो. बघा, काय निघालं माझ्या तोंडातून! ती म्हणाली नका विचारू, अन् मागं सरली. मी जागा सोडली नाय. काचा बसवल्यावर त्यानं मूठभर स्क्रू हातावर ठेवले, म्हणाला वाऱ्यानं वाजतात, चौकटीला पक्क्या करून टाका, सरकायला नको. तेबी पिळले.

घरी भरलं ताट तसंच सारलं. आमची घरवाली संगीता चार घरची धुणीभांडी करती, तिला माणूस कळतो, तिनं खोदून काढलं. म्हणाली व्हय हो, जगाच्या काचा झाकता झाकता तुमचे डोळेबी झाकले का? मी म्हणालो नवरा-बायकोच्या भांडणात आपण कोण. ती म्हणाली भांडायला दोघं लागतात, इथं एकीला कोंडलंय, अन् कोंडायला तुम्ही हात लावलाय.

आत्ता तुम्ही चहाला यायच्या जरा आधी त्याचा फोन आला. मामा, न्हाणीघराचा झरोका राहिला, आजच या, मला गावाला जायचंय, जायच्या आधी सगळं बंद पाहिजे. मी विचारलं, ताईबी निघाल्या का? तो म्हणाला, ती घरीच असते.

संगीतानं ऐकलं अन् चप्पल घातली. म्हणाली तुम्ही त्याला झरोक्यापाशी बोलत ठेवा, बाईमाणूस पाणी मागायला आत गेलं तर कोण अडवतंय, तिला यायचं असलं तर घेऊनच येते, नाय जमलं तर तिथूनच पोलिसांना फोन लावते. नाव काय तिचं, म्हणाली. ते मी विचारलंच नव्हतं.

तो मोठ्या ओळखीचा माणूस, मी रोजावरचा, उद्या कुठं काम मिळू देणार नाय, ही भीती खरी हाय, खोटं कशाला बोलू. आम्ही निघतो, तुम्ही चहा संपवा, दार नुसतं ओढून घ्या. आम्ही पोचेस्तोवर ती माऊली धडधाकट असू दे, माझं काय व्हायचं ते होऊ दे.