मारेब जिथं संपते

ब्रिखती : सगळ्या नद्या समुद्राला जातात, आपली मारेब तेवढी जात नाही. खाली वाळूत जिरते नि संपते. मग तिनं नेलेलं तिथंच कुठंतरी असणार ना, दादा?

वोल्दू : आधी कॉफी तरी पिऊ दे.

ब्रिखती : पी की. रीतीप्रमाणे तिन्ही कप पिऊन ऊठ. उद्या मी निघतेय. कोरड्या पात्रातून चालत राहिलं की शेवट कधीतरी येईलच.

वोल्दू : एकटीच?

ब्रिखती : मग कोण येणार? तू सख्खा भाऊ, पण माझ्या येमानेच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही फिरकला नाहीस. पाद्री विचारत होते, येमानेचा मामा कुठाय? मी काय सांगायचं?

वोल्दू : ढोल मी वाजवला होता ना गं.

ब्रिखती : वाजवणारच. वर तुमच्याकडे पाऊस झाला की पूर खाली पोचायच्या आत ढोल वाजवून आम्हाला सावध करायचं, हे आजोबांपासून चालत आलंय. नेमका त्या दिवशी तुमच्या गावात मरियमचा सण. माझं लेकरू नदीतल्या खड्ड्यात उतरून पाणी भरत होतं. इथं आभाळात ढगाचा पत्ता नाही. म्हणतो कसा, "आई, ऐक, मामा सणाचा ढोल कसा बडवतोय."

वोल्दू : मी थांबलोच नाही वाजवायचा. हातांतून रक्त आलं.

ब्रिखती : तू जोरात वाजवलास तसा तो जास्तच हसत होता.

वोल्दू : तू जाऊ नकोस, ब्रिखती. मी जाऊन आलोय.

ब्रिखती : कुठं?

वोल्दू : शेवटापर्यंत. म्हणून तर चाळिसाव्याला नव्हतो. तिकडे पाणी पसरून ओसरलं की लोक गाळात ज्वारी पेरतात. पेरताना सापडला त्यांना.

ब्रिखती : येमानेच कशावरून? दुसऱ्या कुणाचं पोर असेल.

वोल्दू : निळा सदरा ठेवला होता त्यांनी. खांद्यावर तू लावलेलं ठिगळ. गळ्यात बाप्तिस्म्याचा काळा दोरा होता, म्हणाले. ते सगळे मुसलमान, पण दोरा कुणी तोडला नाही. तसाच पुरला, दोऱ्यासकट.



ब्रिखती : धुतलं का रे त्याला? केसांत चिखल गेला असेल.

वोल्दू : धुतलं. तिथल्या एका म्हातारीनं.

ब्रिखती : रडलं का कुणी?

वोल्दू : तीच रडली. नाव माहीत नव्हतं, तर नुसतं "बाळा, बाळा" करत. मी गेल्यावर तिनं नाव विचारलं.

ब्रिखती : सांगितलंस?

वोल्दू : सांगितलं. मग ती पुन्हा पहिल्यापासून रडली.