कैऱ्या धरल्या अन् बदली आली

आंब्याचं विचारता, तर ऐका. दुष्काळाच्या साली पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमागं मी आंब्याचं कलम लावलं. प्यायलाच पाणी नव्हतं, म्हणून भांडी विसळलेल्या पाण्यावर ते जगवलं. पुढं काही वर्षांनी पहिल्यांदा कैऱ्या धरल्या, अन् त्याच आठवड्यात आमच्या ह्यांची बदली आली.

मी म्हणाले, "आंबे उतरूस्तोर थांबतो म्हणावं सायबाला."

हे म्हणाले, "आंब्यासाठी रेल्वे थांबंल व्हय?"

सामान बांधून थकून मी झाडाखाली बसले होते, तेवढ्यात त्याच क्वार्टरमध्ये राहायला येणारी बाई आली. माझा सगळा राग तिच्यावर निघाला. म्हटलं, "लय नशिबाच्या बाई तुमी. मरमर आमी केली, आता तुमी खा."

ती चिडली नाही. डोक्यावरचं गाठोडं उतरवून माझ्याशेजारी टेकली अन् म्हणाली, "माझं झाड मनमाडला राह्यलं. यंदाच पहिला मोहर आल्ता."

मग तिनंच उठून दोन कैऱ्या तोडल्या अन् एक माझ्या हातात दिली. मीठ दोघींचंही सामानात बांधलेलं होतं, म्हणून तशाच आंबट खाल्ल्या.