चौतिसावा दिवस

साहेब : मृत्यू आम्ही अमान्य करतच नाही, मॅडम. मृत्यू झालाय. फक्त तो आमच्या रकान्यात येत नाही.

मुलगी : मग कुणाच्या येतो?

साहेब : नियम अगदी सरळ आहे. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत माणूस गेला, तर तो रस्त्यावरचा मृत्यू. नंतर गेला, तर गंभीर जखमी. तुमचे वडील चौतिसाव्या दिवशी गेले.

मुलगी : सकाळी सव्वासहाला. म्हणजे आज ते गंभीर जखमी आहेत.

साहेब : कागदावर.

मुलगी : कागदावर तब्येत कशी आहे त्यांची?

साहेब : मी तुमचं दुःख समजू शकतो.

मुलगी : ते मी घरी ठेवून आलेय. इथं फक्त अर्ज आणलाय. गोदामाच्या चौकाचा वर्षाचा अहवाल आज जाणार. त्यात मृत्यू शून्य. शून्य गेलं की चौक धोक्याच्या यादीतून बाहेर, आणि मंजूर झालेला सिग्नल रद्द. यात माझं काही चुकतंय का?

कारकूनबाई : नाही चुकत.

साहेब : बाई, तुम्हांला नाही विचारलं.

कारकूनबाई : मला वाटलं, या अपघातांच्या वहीला विचारलं.

साहेब : सिग्नल रद्द नाही होत, मॅडम. दुसरीकडे जातो. जिथं गरज आहे तिथं.

मुलगी : जिथं माणसं मुदतीत मरतात तिथं.

साहेब : असं बोलणं सोपं असतं. मागच्या वर्षी त्या चौकात चार जण गेले. यंदा एकही नाही. हे काय आपोआप झालं? हेल्मेटची सक्ती मी केली. शाळा-शाळांतून फिरलो. नऊ पथनाट्यं केली, त्यांतले संवाद माझे. लोक मला शिव्या घालत दंड भरत होते, पण धड घरी पोचत होते.

मुलगी : एक पथनाट्य मी पाहिलंय. मृत्यूचा मुखवटा घातलेला एक जण होता. मुखवट्यातून त्याला दिसत नव्हतं, त्यामुळे तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. शेवटी दोघांनी दंडाला धरून त्याला फुटपाथवर आणलं.

साहेब : लोक हसले, पण त्यांच्या लक्षात राहिलं.

मुलगी : माझ्याही राहिलंय.

साहेब : तुम्ही थट्टा करा. पण हेल्मेटनं माणसं वाचतात, हे तर खोटं नाही?

मुलगी : मुळीच नाही. बाबांनी घातलं होतं, पट्टा लावून. तुमच्या सक्तीच्या आधीपासून घालायचे. बाइंडिंगच्या दुकानापासून घर चार मिनिटांवर, तेवढ्यासाठीसुद्धा. त्यामुळे डोक्याला खरचटलंही नाही. टेम्पो न बघता वळला आणि छातीवरून गेला. छातीला काही हेल्मेट नसतं.

साहेब : म्हणजे कायद्यानं आयुष्य वाढवलं, हे तुम्हीही मान्य करता.

मुलगी : चौतीस दिवस. करते मान्य. त्यातले मधले अकरा दिवस ते बोलत होते. कुठल्या पुस्तकांची शिवण अर्धी राहिलीय, ते मला सांगत होते. ते अकरा दिवस मी कुणालाही परत देणार नाही. पण हेल्मेट नसतं, तर ते तिथंच गेले असते आणि आज तुम्ही मुकाट्यानं एक लिहिलं असतं. सिग्नल लागला असता.

साहेब : असं म्हणू नये, मॅडम.

मुलगी : मी कुठं म्हणतेय? तुमचा नियम म्हणतोय.

साहेब : कुठंतरी रेघ ओढावीच लागते ना? उद्या कुणी साठाव्या दिवशी जाईल, कुणी दोन वर्षांनी. सगळे कुठवर मोजणार?

मुलगी : मोजू नका. पण रेघेपलीकडे गेलेल्या माणसाला सुरक्षित चौकाचा पुरावा तरी करू नका. जरा मागं वळता का?

साहेब : का?

मुलगी : तुमच्या खुर्चीमागं पोस्टर आहे.

साहेब : आहे. आमच्या मोहिमेचं. 'हेल्मेट होतं, म्हणून मी आहे.'

मुलगी : ते बाबा आहेत.

साहेब : हे?

मुलगी : तेविसाव्या दिवशी तुमची माणसं वॉर्डात कॅमेरा घेऊन आली. नळ्या दिसू नयेत म्हणून त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. बाबा मला म्हणाले, जरा दाढी करून दे.

साहेब : त्यांची संमती असणार. त्याशिवाय आम्ही छापत नाही.

मुलगी : होती की. सही हौसेनं केली. त्यांना खरंच वाटत होतं, हे बघून कुणीतरी पट्टा लावेल. त्यांचा तुमच्यावर विश्वास होता. मी दाढी करून दिली. आजारी माणसाशी कुठं वाद घालायचा.

साहेब : मला खरंच कल्पना नव्हती. आजच्या आज काढायला लावतो.

मुलगी : कशाला? पोस्टरवर ते जिवंत आहेत, वहीत जखमी आहेत. दोन्हींचा मेळ बसतो. सरकारी कामात एवढा मेळ मी पहिल्यांदाच बघतेय.

कारकूनबाई : काढून कसं चालेल, साहेब? उद्या तेच व्यासपीठावर लागणार आहे. मोठं करून आलंय.

मुलगी : उद्या काय आहे?

कारकूनबाई : शून्य मृत्यूचा सत्कार. विभागाला ढाल मिळणार आहे.

साहेब : बाई, तुम्ही वही लिहा.

कारकूनबाई : तेच करतेय.

मुलगी : मग एवढंच करा. शून्य राहू द्या, ढालही घ्या. खाली एक ओळ लिहा, की याच चौकातला एक जखमी माणूस चौतिसाव्या दिवशी गेला, सबब सिग्नल काढू नये.

साहेब : वरती कुणी ओळी वाचत नाही, मॅडम. आकडा वाचतात. आणि असली ओळ दिसली, तर पहिला प्रश्न मला येईल, की मग शून्य कसं?

मुलगी : चांगला प्रश्न आहे.

साहेब : तुम्हांला मी निगरगट्ट वाटत असेन. पण तो चौक आता खरंच सुरक्षित आहे. मी स्वतः उभं राहून पाहणी केलीय. पट्टे नवे मारले. 'सावकाश जा'चा फलक लावला.

मुलगी : त्या फलकाच्या खांबाला हमालांनी आरसा टांगलाय. सकाळी तिथं उभं राहून दाढ्या करतात. टेम्पोवाले त्यांना हात करतात आणि त्याच वेगानं वळतात. माझी आई तिथनं रोज दोनदा ओलांडते. दुकान आता ती उघडते.

साहेब : त्यांना सांगा, घाई करू नका.

मुलगी : सांगते. साहेबांनी निरोप दिलाय म्हणून सांगते.

(साहेबांचा फोन वाजतो. ते अहवालावर सही करून, बोलत बोलत बाहेर जातात.)

मुलगी : झाली सही?

कारकूनबाई : झाली.

मुलगी : शून्यावर?

कारकूनबाई : शून्याखाली. पाचच्या टपालानं जाईल.

मुलगी : निघते मी.

कारकूनबाई : थांबा, ताई. अर्जाची पोच घेऊन जा.

मुलगी : काय उपयोग तिचा?

कारकूनबाई : काही नाही. पण 'विषय'मध्ये मी 'मृत्यूची नोंद' असं लिहिलंय, आणि शिक्का त्याच्या बाजूला मारलाय. आवक वहीतही तेच चढवलंय. या ऑफिसात दुसरीकडे कुठं ते लिहिलेलं नाही.

मुलगी : साहेबांनी बघितलं तर?

कारकूनबाई : आवक वही ते बघत नाहीत. तिच्यात आकडे नसतात ना.

मुलगी : पुन्हा अर्ज करता येतो?

कारकूनबाई : येतो. चौक यादीत परत आला की.

मुलगी : आणि परत कधी येतो?

कारकूनबाई : ते तुम्हांलाही माहितीय, ताई. माझ्या तोंडून कशाला वदवून घेता.

मुलगी : बरं. पोच द्या.

कारकूनबाई : ही घ्या. कशानं जाणार?

मुलगी : चालतच. दुकानातून आईला घेऊन, चौकातून.

कारकूनबाई : आत्ता नका जाऊ तिथनं. चारला गोदामातल्या गाड्या सुटतात, कुणी कुणाला बघत नाही. आईंना मागच्या गल्लीत बोलवा आणि पुलाखालनं जा. दहा मिनिटं जास्त लागतील, पण जा.

मुलगी : तुम्ही तिकडून जाता?

कारकूनबाई : ऑफिसातले सगळेच जातो.

मुलगी : साहेबही?

कारकूनबाई : आम्हांला तो रस्ता त्यांनीच दाखवला.