धुळीतला निकाल

लव्हायना: उभ्याउभ्याच बोल, हार्ल्या. ती खुर्ची कालपर्यंत भावासाठी होती.

हार्लन: मी भांडायला आलेलो नाही. पंचसाहेबांची एक सही हवी आहे. मजकूर आमच्या संघाच्या मॅनेजरने तयारच करून दिलाय. ऐका. "मी, ओटिस क्लिंगमन, धंदा खोगिरं शिवणे, कालच्या बेसबॉलच्या सामन्यात शेवटच्या डावात हार्लन स्टाउफर यास चुकून बाद दिले." बस. उद्या सकाळच्या गाडीने कागद लीगच्या कचेरीत पोचला की सामना पुन्हा खेळवतील.

लव्हायना: आणि माझ्या नवऱ्याच्या भुवईवरचे तीन टाके? तेही चुकून पडले, असं खाली लिहायचं का?

हार्लन: बाटली कुणी फेकली ते कुणालाच ठाऊक नाही.

लव्हायना: मला आहे. बायकांच्या बाकावर होते मी. खाणीवरचा मुकादम बेंडर. रविवारी चर्चमध्ये दानाचं ताट फिरवतो ना, तोच. आज आमच्या बाकापाशी आला आणि ताट पुढे न करताच निघून गेला. आमचे पैसेसुद्धा विटाळले. त्याच्या आधी तुमचा तो डॉक्टर. टाके घालताना सुई हातात धरून ओटिसला विचारतो, का रे बाद दिलंस?

हार्लन: लोक चिडणारच. अकरा वर्षांत पहिल्यांदा लीग जिंकल्याचं निशाण आपल्या गावात येत होतं. बरोबरी झाली होती, फक्त एक धाव हवी होती, आणि ती मी काढली होती. समोरचे मॉर्टनवाले तोंड पाडून बसले होते. तेवढ्यात आपल्याच गावचा माणूस हात वर करून सांगतो, बाद. आणि मग बरोबरी फोडायच्या जादा डावात आपण हरलो. घोड्याचा पट्टा शिवणाऱ्याला हे कळायचं नाही, ओटिस. अख्खं गाव रडत घरी गेलं.

ओटिस: मी होऊन पंच झालो नव्हतो.

हार्लन: लीगचा पंच तापाने पडला म्हणून. तुमचं नाव मॉर्टनवाल्यांनीच आधी घेतलं. म्हणाले, हा माणूस खोटं बोलत नाही. आम्ही म्हटलं, बरं झालं, घरचाच आहे.

लव्हायना: म्हणजे माणूस खरा हवा होता, पण तुमच्या बाजूचा.

हार्लन: तू खेळातलं बोलू नकोस.

लव्हायना: खेळ. अठरा बाप्ये, मिशा वाढवलेले. एक चेंडू फेकतो, दुसरा बडवतो, बाकीचे तंबाखू थुंकत उभे. आणि दोन हजार शहाणे उन्हात बसून त्यावर जीव टाकतात. तुमच्या खेळातलं मला इतकंच कळतं, की घराला हात लागायच्या आत चेंडूने शिवलं की माणूस बाद. शिवणापाणी खेळणाऱ्या पोरींनाही कळतं ते.

हार्लन: ओटिस, मी तुमच्याशी बोलतोय. तुमचं काय जातं? सही केलीत तर लोक दोन दिवसांत विसरतील. नाही केलीत तर तुमच्या दुकानात घोड्याचा सोडा, कुणी गाढवाचा पट्टाही आणणार नाही.

ओटिस: सामना पुन्हा झाला तर तुला काय मिळेल?

हार्लन: गावाला मिळेल.

ओटिस: तुला विचारतोय.

हार्लन: शहरातल्या मोठ्या संघाचा माणूस आला होता मला बघायला. काल जाता जाता म्हणाला, सामना पुन्हा असला तर पुन्हा येईन, एरवी इकडे माझं काम नाही. मी सव्वीस वर्षांचा आहे. सत्तावीस झाल्यावर कुणी बघायला येत नाही. बाबांची छाती तुम्ही पाहिलीय. खाणीतल्या पाटीच्या दगडाची भुकटी आत जाते ती बाहेर येत नाही. माझंही सकाळचं खोकणं सुरू झालंय. हे हिला सांगू नका म्हटलं होतं डॉक्टरला, पण आता मीच सांगतोय.

लव्हायना: कधीपासून?

हार्लन: फेब्रुवारीपासून.

ओटिस: कागद दे इकडे.

लव्हायना: ओटिस, सही केलीस तर उद्यापासून तुझी चूल वेगळी. त्याने रडगाणं गायलं आणि तू विरघळलास. आयुष्यभर असाच. गिऱ्हाईक म्हणेल टाका वाकडा, की तू म्हणणार, हो, वाकडा.

ओटिस: एक सांगायचं आहे, म्हणून कागद मागतोय. मला दिसलं नाही.

हार्लन: काय दिसलं नाही?

ओटिस: काल. तू घसरत आलास, घरापाशी चेंडू झेलणारा त्यांचा कॅचर गुडघ्यावर बसला, आणि एवढी धूळ उडाली की मला त्याची टोपीसुद्धा दिसेना. पंच एकटाच. विचारणार कुणाला? सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मनात आलं, घरचा माणूस आहे, सुटला म्हणालो तर मॉर्टनवाले काय म्हणतील. म्हणून बाद म्हणालो. रात्रभर तेच घोळतंय. टाके दुखत नाहीत एवढे.

लव्हायना: हे मला सांगितलं नाहीस.

ओटिस: तू गावभर माझ्यासाठी भांडत होतीस. कसं सांगू?

हार्लन: वा. वा, पंचसाहेब. म्हणजे मनानेच ठोकून दिलंत. आणि हा म्हणे खोटं न बोलणारा माणूस. मग सही करायला अडतंय कुठे? चूक झाली, हे तर तुम्हीच कबूल केलंत.

ओटिस: दिसलं नाही हे कबूल केलं. चूक झाली का, ते मला ठाऊक नाही. ते फक्त दोघांना ठाऊक आहे. एक मॉर्टनला निघून गेला.

लव्हायना: दुसरा माझ्या स्वयंपाकघरात उभा आहे. हार्ल्या, त्याने तुला शिवलं का?

हार्लन: असं कुणी विचारत नसतं. आणि विचारलं तर कुणी सांगत नसतं. निकाल द्यायचं काम पंचाचं.

लव्हायना: आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुझी लबाडी मला तुझ्या मानेवरून कळते. शिवलं का?

हार्लन: शिवलं. झालं समाधान? शिवलं. पण त्यांना दिसलं नव्हतं ना. मग काय फरक पडतो?

लव्हायना: काल लोक त्याच्या अंगावर धावून गेले, तेव्हा तू कुठे होतास?

हार्लन: तिथेच.

लव्हायना: काय करत होतास?

हार्लन: टोपी झटकत होतो.

(ओटिस मॅनेजरचा कागद उलटा करतो, दौत जवळ ओढतो आणि कोऱ्या बाजूवर सावकाश लिहू लागतो.)

हार्लन: काय लिहिताय?

ओटिस: जे झालं ते. "धुळीमुळे मला दिसले नाही, तरी मी बाद म्हणालो. ही माझी चूक. यापुढे मी पंचाचे काम करणार नाही. आज धावणाऱ्याने स्वतः मला सांगितले की कॅचरने त्याला, बहुधा गुडघ्यावर, शिवले होते." खाली माझी सही.

हार्लन: हा कागद मी नेऊ? माझ्या हाताने? सामना तर होणार नाहीच, वर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी म्हणेन, मी असलं काही बोललोच नाही.

लव्हायना: म्हण. मग मी सांगेन, मी ऐकलं. बायको खोटं बोलते असं म्हणतील, बहीण खोटं बोलते असंही म्हणतील. म्हणू देत. नाहीतरी आज बाकावर आमच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

ओटिस: नेऊ नकोस, हार्लन. उद्या मीच पोस्टात टाकतो. आणि हवं तर ती शेवटची ओळ खोडतो. माझी चूक मी लिहिली. तुझी मी कशाला लिहू?

लव्हायना: खोड. याच्याकडून आणखी कसली आशा धरायची.

हार्लन: थांबा.

ओटिस: बोल.

हार्लन: गुडघा नाही.

ओटिस: काय?

हार्लन: गुडघ्यावर नाही शिवलं. मांडीवर. लिहायचंच तर नीट लिहा.

ओटिस: मांडीवर. बरं. घर किती लांब होतं?

हार्लन: दोन हात. चांगलं दोन हात लांब होतो मी.