तेरा नंबरच्या मॅडम स्टँडवर

—बोलू नका, थर्मामीटर काखेत नीट दाबून धरा, आणि मास्क खाली घ्यायचा नाही—मुंबईच्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत्ये, ह्या स्वाइन फ्लूने घसा बसवलान् माझा. मिरजोळ्याचे ना तुम्ही? हं! डोळ्यांवरूनच ओळखलं. अहो, मी नीरजा मॅडम, सरकारी दवाखान्यातली, तेरा नंबरच्या खोलीतली! ओळख दाखवू नका, राग नाही—आमच्याकडे येणारी माणसं बाजारात दिसली की तोंड फिरवतात, बरोबरच आहे त्यांचं. या, जरा आडोशाला या.

खोली? खोली कुठली आता—तिथे तापाचे पेशंट बसवलेत, आमचं कपाट जिन्याखाली, आणि मी इथे स्टँडवर. तपासण्या बंद. रोज कोणी ना कोणी येतं, बघतं, माघारी जातं. साहेबांना म्हटलं, अहो, आमचा आजार काय साथ संपायची वाट बघत बसणाराय? तर म्हणे, वरून ऑर्डर आहे.

पण तुमची मी वाटच बघत होते हो. शिमग्याला एचआयव्हीचा रिपोर्ट हातात दिला तेव्हा केवढे रडलात—म्हणालात, बायकोला, मनस्वीला एवढ्यात सांगू नका, गणपतीला येईन तेव्हा मीच घेऊन येतो. मी ऐकलं. परवा ती दवाखान्यात नाव घालायला आली होती, सहावा महिना म्हणाली. एरवी गरोदर बायकांची तपासणी आमच्याच खोलीत होते, तेव्हाच कळलं असतं—आता तीही बंद. समोरून गेली हो माझ्या, हसली सुद्धा! आणि मी काय बोलणार? तुमच्या परवानगीवाचून मला तोंड उघडता येत नाही. तेव्हा आरत्या नि पाहुणे काही सांगू नका संदेश, उद्याच आणा तिला. रक्त मी जिन्याखाली घेईन, लॅबवाल्याच्या पाया पडेन—वेळेवर गोळी मिळाली तर पोटातलं पोर वाचेल ह्यातून. असे काय बघताय? अहो, मास्क नका काढू—

...

धाकटे? संदेशचे धाकटे भाऊ तुम्ही?

आणि ते? मागच्या गाडीने येतायत ना? ...येतच नाहीत? यंदा गणपतीला येतच नाहीत म्हणाले?

मग वहिनींना तुम्हीच—नाही. नको. थांबा. तिला काही माहीत नाही, आणि मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही. हात जोडते, घरी काही—पण तिला आणलंच नाही कोणी, तर...

द्या तो थर्मामीटर. ताप नाही तुम्हाला. जा.

पुढचे कोण? या, या लवकर.