वेगळी रेघ

आप्पासाहेब : पण मी आलेखात एकच रेषा सांगितली होती, रूपा. तू दोन काढल्यास.

रूपा : आधी एकच काढली होती, सर. ती खोटं बोलत होती.

आप्पासाहेब : रेषा खोटं बोलते? अगं, विश्वस्त वरच्या खोलीत येऊन बसलेत. सचिव म्हणून मला त्यांना एका वाक्यात सांगायचंय, विहारातला साक्षरता वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा.

रूपा : एक रेषा म्हणते, बंद करा. जी बाई जास्त दिवस येते तिला वाचनात कमी गुण! म्हणजे मी जसजशी शिकवते तसतशा बाया अडाणी होत जातात. पटतं तुम्हाला?

आप्पासाहेब : आकडे तुझेच आहेत.

गोजरबाई : (दारातून) जय भीम. वर्ग बंद होनार म्हनं. खरं का?

रूपा : जय भीम, आजी. या आत. त्याचंच चाललंय.

गोजरबाई : कागदावर ह्या मुंग्या कशाच्या?

रूपा : एक ठिपका म्हणजे वर्गातली एक बाई. हजेरी जास्त, तितका ठिपका उजवीकडं. गुण जास्त, तितका वर. लाल ठिपके लहानपणी थोडीफार शाळा झालेल्यांचे, आपल्या मोनिकासारख्या. थोडे दिवस येतात, विसरलेली अक्षरं आठवतात, चांगले गुण घेऊन जातात.

गोजरबाई : मोनिका तर अशी गेली, पेढा बी दिला नाय भवानीनं.

रूपा : निळे तुमचे. ज्यांनी पाटीच धरली नव्हती त्यांचे. तुम्ही रोज येता, पण सुरुवात अ-पासून, म्हणून गुण लालांपेक्षा कमी. सगळ्यांची मिळून एक रेषा ओढली की ती खाली उतरते. लालांची वेगळी, निळ्यांची वेगळी ओढली की दोन्ही वर चढतात. दोन्हीकडं जी जास्त येते, ती जास्त शिकते.

आप्पासाहेब : आपल्या संस्थेत सगळ्या बाया सारख्या. शाळेत गेलेल्या, न गेलेल्या, असला भेद मी कागदावरसुद्धा चालू देणार नाही.

गोजरबाई : आप्पासाहेब, गावात मास्तरनं मला उंबऱ्याच्या भाईर बसवलं, पाटी बी हातात दिली नाय. पाऊस आला की घरी. तवा कुनी म्हनलं नाय, सगळ्या पोरी सारख्या. आन् आज हिनं आमची रेघ येगळी काढली, तर तुमाला भेद दिसला व्हय?

आप्पासाहेब : मला तसं म्हणायचं नव्हतं.

रूपा : तुमची एक रेषा तसंच म्हणते, सर. कोण उंबऱ्याबाहेर होतं ते विसरा म्हणते.

आप्पासाहेब : वाद पुरे. दोन्ही पुस आणि एक ओढ. नाहीतर तुझ्या जागी मी दुसरं कुणी बघतो.

रूपा : बघा. गुलमंडीत कापडाच्या दुकानात उभी राहीन. ती रेषा माझ्या हातून निघणार नाही.

गोजरबाई : दुकानात कशाला जातीस? मला अजून जोडाक्षरं येत न्हाईत. ह्यात मी कोनती, दाव.

रूपा : हा. पार उजवीकडचा निळा.

गोजरबाई : मोनिकाच्या लई खाली हाय की.

रूपा : हो. पण निळ्यांत सगळ्यांत वर.

गोजरबाई : अस्सं. आप्पासाहेब, वर जायाचा जिना कुठून?

आप्पासाहेब : आजी, बैठकीत बाहेरच्यांना बसू देत नाहीत.

गोजरबाई : बसतंय कोन? माझ्या ठिपक्यावर बोट ठिवून उभी ऱ्हाते. बाकीचं ही पोरगी सांगंल.